लेकराच्या डोक्याला लागले. आजची रात्र नजर ठेवा

मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आपली येळवस. देवणी, उदगीर, निलंगा या पट्ट्यात त्या दिवशी गावात चिटपाखरू सापडत नाही. घरांना कुलपे आणि सगळे शिवारात. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे आणि लेकरांसाठी आंब्याच्या नाहीतर चिंचेच्या फांदीला बांधलेला झोका. आपल्या जिल्ह्यात या सणाला स्थानिक सुट्टी मिळते, यावरून सण किती मोठा ते बाहेरच्यांनी समजून घ्यावे.

आता समजा, जेवणे आटोपली आहेत. मोठी माणसे सावलीला आडवी झाली आहेत. तेवढ्यात झोक्याकडून धप्पकन आवाज येतो. तुमचे आठ वर्षांचे लेकरू खाली पडलेले. ते लगेच मोठ्याने रडू लागते. कपाळाच्या बाजूला लिंबाएवढे टेंगूळ आले आहे. आज्जी म्हणते, "आधी हळद दाबा." मामा म्हणतो, "पाणी पाजा त्याला." शेजारच्या आखाड्यावरून आलेला कोणी बजावतो, "काहीबी करा, पण झोपू देऊ नका." आणि लेकराचा बाप मोटारसायकलची किल्ली हातात धरून उभा. न्यावे की न न्यावे?

शेतकरी बंधू-भगिनींनो, हा प्रसंग येळवशीलाच येतो असे नाही. माळवदावरून, बाजेवरून, बैलगाडीच्या साटीवरून, शाळेच्या ओट्यावरून लेकरे रोज पडतात. पडणे हे लेकराचे कामच आहे. त्यातल्या बहुतेकांना काही होत नाही, दोन दिवसांत टेंगूळ उतरते आणि घरातले विसरूनही जातात. पण थोड्या लेकरांच्या बाबतीत आत काहीतरी बिघडते आणि ते लगेच दिसत नाही. म्हणून किल्ली हातात घेऊन उभ्या असलेल्या त्या बापासाठी, आणि त्याहून जास्त त्या लेकराच्या आईसाठी, आजचे हे दोन शब्द.

टेंगूळ बाहेर, भीती आतली

पहिली गोष्ट, टेंगूळ किती मोठे यावरून मार किती मोठा ते ठरत नाही. डोक्याच्या कातडीला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. त्यामुळे जरा खरचटले तरी रक्ताची धार लागते आणि कपाळावर बघता बघता गाठ येते. बघणाराच्या पोटात गोळा येतो. पण ही सूज कवटीच्या बाहेरची. आपल्याला चिंता करायची ती कवटीच्या आतल्या मेंदूची. बाहेर फारसे काही न दिसता आत रक्त साठू शकते, आणि बाहेर मोठे टेंगूळ असून आत सगळे ठीक असू शकते.

हे आत साठणारे रक्त फसवे असते. कानाच्या थोडे वर, कानशिलाच्या बाजूला कवटीचे हाड पातळ आहे आणि त्याला लागून आतून शीर जाते. तिथे मार बसून ती शीर फुटली तर रक्त हाड आणि मेंदू यांच्यामध्ये साठत जाते. सुरुवातीला लेकरू उठून बसते, बोलते, परत खेळायलाही जाते. घरातले म्हणतात, सुटलो बुवा. मग तासाने, दोन तासांनी, कधी चार-सहा तासांनी डोके दुखू लागते, उलटी होते, गुंगी येते. तोपर्यंत रात्र झालेली असते आणि "दमलंय लेकरू, झोपू द्या, सकाळी बघू" असे कोणीतरी म्हणते. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर अशी लेकरे वाचतात आणि पूर्ववत होतात. सकाळची वाट बघण्यात ती वेळ जाते.

हे खेड्यापाड्यातच घडते असे समजू नका. मार्च २००९ मध्ये नताशा रिचर्डसन ही इंग्लंडची नावाजलेली नटी कॅनडात बर्फावर घसरून पडली. हसली, बोलली, मला काही झाले नाही म्हणाली. आलेली रुग्णवाहिका परत गेली. नंतर डोके दुखू लागले म्हणून तिला दवाखान्यात नेले, पण दोन दिवसांत ती गेली. पैसा, दवाखाने, रस्ते, कशाचीच कमी नव्हती. पहिले काही तास ती धडधाकट दिसली, एवढेच.

गुरे ओळखणारी नजर

आपल्या तालुक्याचे नाव देशभर गेले ते देवणी गुरांमुळे. वानेरा, बालंक्या, शेवरा हे तीन प्रकार इथले लहान पोरही रंगावरून सांगते. आणि जनावर आजारी पडले तर? पशुवैद्यक यायच्या आधी घरधन्याला कळलेले असते. बैलाने कडब्याला तोंड लावले नाही, रवंथ थांबला, कान पडले, हाक मारली तर मान वळली नाही. लगेच तो म्हणतो, याचे काहीतरी बिनसलंय. त्याच्याजवळ कोणते यंत्र नसते. रोजचे जनावर कसे असते हे त्याला ठाऊक असते, म्हणून आजचे वेगळेपण कळते.

डोक्याला लागलेल्या लेकराकडे हीच नजर लागते. नवल वाटेल, पण मोठ्या दवाखान्यातले डॉक्टरही पहिल्यांदा हेच करतात. १९७४ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी शुद्ध मोजायची एक पद्धत बसवली. ती आज जगभर वापरतात. तीत तीनच गोष्टी बघतात: डोळे कसे उघडतो, बोलतो कसे, हातपाय कसे हलवतो. तिन्ही नीट असले की पंधरा गुण. तुम्हाला गुण द्यायची गरज नाही. हाक मारल्यावर डोळे उघडतो का, ओळखीच्या माणसाचे नाव सांगतो का, दोन्ही हातांनी सारखी मूठ आवळतो का, एवढे घरात बसून कोणालाही बघता येते.

आणि या बाबतीत आईइतका जाणकार दुसरा नाही. "हे नेहमीसारखं नाही" असे आई किंवा आज्जी म्हणाली, तर कारण सांगता आले नाही तरी तेवढे पुरे धरावे. आपल्याकडे बाईला दिसते आधी आणि निर्णय होतो बाप्या माणूस शेतातून आल्यावर. डोक्याच्या माराला ही रीत परवडत नाही. घरात कोण कर्ते आहे हे नंतर बघू. जवळ जे असेल त्याने निघावे.

पहिल्या अर्ध्या तासात

लेकरू पडले की आधी रागावू नका. आपल्याकडे "उंडारत होतास ना" म्हणून वरून दोन धपाटे देण्याची पद्धत आहे. तो धपाटा पुढच्या वेळी महागात पडतो, कारण मग लेकरू पडल्याचे लपवते. रात्री ओकायला लागल्यावर आपण विचारतो, "काय खाल्लंस रे?" आणि ते सांगत नाही की दुपारी माळवदावरून पडलो होतो.

लेकराला जवळ घेऊन शांत बसवा. मात्र उंचावरून पडले असेल, मान दुखते म्हणत असेल किंवा शुद्ध नसेल, तर उचलून बसवण्याची घाई करू नका. मानेला इजा असली तर हिसक्याने ती वाढते. डोके आणि मान एका रेषेत दोन्ही हातांनी धरून ठेवा आणि गाडी बोलवा. हलवणे भागच असेल तर सरळ फळीवर, नाहीतर जुन्या दाराच्या पल्ल्यावर घेऊन हलवा. बाज मध्ये खोल जाते, म्हणून ती कामाची नाही.

रक्त येत असेल तर स्वच्छ धुतलेले धडके घडी करून जखमेवर दाबून धरा. दहा मिनिटे, आणि मध्ये उघडून बघू नका. दर मिनिटाला उघडून बघितले की बसत आलेली खपली निघते. बोटाखाली हाड खचल्यासारखे लागले तर मात्र जोर देऊ नका, वरून नुसते झाकून दवाखाना गाठा. हळद, चुना, चहाची भुकटी, तंबाखू, बिडीची राख हे सगळे जखमेत भरणारे हात मी लहानपणी पाहिले आहेत, माझ्याही कपाळावर त्याची खूण आहे. भरणाऱ्याच्या मायेबद्दल शंका नाही. पण त्याने जखमेत घाण जाते, आणि टाके घालायच्या आधी डॉक्टरला ती सगळी खरवडून काढावी लागते, तेव्हा लेकरू जास्त ओरडते.

टेंगळावर गार पाण्याची पट्टी किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरावा. बर्फ उघडा कातडीवर ठेवू नये. आखाड्यावर बर्फ कुठला? माठातल्या पाण्यात भिजवलेला रुमाल चालतो. टेंगूळ चोळून जिरवण्याच्या फंदात पडू नये.

जखम मातीत, शेणात झालेली असेल तर धनुर्वाताच्या सुईचे विचारून घ्या. लेकराचे लसीकरणाचे कार्ड सोबत न्या. पाच-सहा वर्षांचा आणि दहा वर्षांचा डोस झाला की नाही ते कार्डावर दिसते.

कधी थांबायचे नाही

आता किल्लीचा प्रश्न. खाली सांगतो त्यातले एकही दिसले तर घरी बघत बसायचे नाही, दिवस असो की मध्यरात्र.

पडल्यावर लेकरू क्षणभर जरी बेशुद्ध झाले, किंवा पडल्याची आठवणच नाही असे सांगत असेल. आकडी आली. एकापेक्षा जास्त वेळा उलटी झाली. भीतीने, रडून रडून एखादी उलटी होते, तिचा फार बाऊ नको. पण दुसरी झाली की निघा. डोकेदुखी कमी होण्याऐवजी वाढत चालली. हाका मारून, हलवूनही नीट जागे होत नाही, किंवा जागे होऊन भलतेच बोलते, घरातल्यांना ओळखत नाही. बोलणे अडखळते, चालताना झोक जातो, एक हात किंवा एक पाय लुळा वाटतो. दिसायला दोन-दोन दिसते म्हणते. डोळ्यांच्या मधल्या काळ्या बाहुल्या एक लहान, एक मोठी झाली. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखे पातळ गळते, अथवा कानातून रक्त येते. तिथे कापसाचा बोळा कोंबू नका, गळू द्या. कानाच्या मागे किंवा दोन्ही डोळ्यांभोवती काळेनिळे झाले.

काही वेळा लक्षण नसतानाही दाखवून घ्यावे. वर्षाच्या आतले लेकरू डोक्यावर पडले तर दाखवावेच, कारण ते सांगू शकत नाही. दोन वर्षांच्या आतले लेकरू तीन फुटांवरून पडले, किंवा त्याहून मोठे लेकरू पाच फुटांवरून पडले, तरी दाखवावे. साटीवरून, भिंतीवरून, फांदीवरून पडणे यातच मोडते. चालत्या गाडीवरून पडले, गाडीने उडवले, तरीही. आणि जनावराची लाथ. देवणी बैल स्वभावाने गरीब म्हणून आपण लेकरांना त्याच्या पायात खेळू देतो, पण गोमाशी चावली की गरीब बैलही पाय झाडतो. खुराचा मार थोड्या जागेवर जोरात बसतो आणि हाड आत दबू शकते. वरून नुसती चिरलेली कातडी दिसते. अशा मारात घरगुती उपाय करत बसू नये.

अंगावर पिणाऱ्या लेकराची लक्षणे वेगळी. दूध ओढत नाही, एकसारखे किरकिरते आणि काही केल्या गप होत नाही, किंवा उलट अगदीच मलूल पडते. टाळू फुगलेली, ताठ लागते. डोक्याच्या बाजूला, कानाच्या वर मऊ लुसलुशीत सूज येते. सोयाबीनच्या काढणीत आई मजुरीला जाते आणि सहा-सात वर्षांची बहीण कडेवर तान्हे घेऊन फिरते. तिच्या हातून ते निसटले तर तीही मार खायच्या भीतीने गप्प राहील. म्हणून संध्याकाळी घरी आल्यावर तिला प्रेमाने विचारायची सवय असू द्या.

आकडी आली तर लेकराला एका कुशीवर वळवा, आजूबाजूचे दगड-भांडी दूर करा. कांदा हुंगवणे, चप्पल नाकाला लावणे, दातात चमचा घालणे यातले काहीही करू नका. तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जाते. किती वेळ आकडी राहिली ते घड्याळात बघा, डॉक्टर विचारतात.

घरी ठेवायचे ठरले तर

यातले काहीच नाही, लेकरू रडायचे थांबले, बोलू लागले, तर घरी ठेवता येते. दवाखान्यात दाखवून डॉक्टरांनी घरी पाठवले असेल तरी पुढचे हेच. पहिले चार-सहा तास सगळ्यात महत्त्वाचे आणि पुढची चोवीस तास राखण. या काळात लेकराजवळ एक शहाणे माणूस असावे, आणि ते कोण हे घरात ठरवून घ्यावे. सगळे बघतात म्हणजे कोणीच बघत नाही, हे आपल्या एकत्र कुटुंबातले नेहमीचे दुखणे आहे. त्या रात्री मोटारीचे पाणी द्यायची पाळी आली असेल तर शेजाऱ्याला पाळी बदलून मागा.

झोपेविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. डोक्याला लागलेल्या लेकराला झोपू दिले तर ते उठत नाही, म्हणून रात्रभर थापट्या मारून जागवणारे लोक आहेत. झोपेने काही बिघडत नाही. नेहमीची झोपेची वेळ असेल, रडून दमले असेल तर खुशाल झोपू द्या. बिघडते ते आपण न बघितल्यामुळे. म्हणून पहिल्या रात्री दोन-तीन वेळा गजर लावून उठा. श्वास नेहमीसारखा चालतो का, तोंडाचा रंग ठीक आहे का, नेहमीच्या कुशीवर आहे का ते बघा. मग हलवून जागे करा. "मी कोण?" विचारा. लेकराने डोळे उघडले, "माय" म्हणाले आणि चिडून परत कूस बदलली, तर उत्तम. चिडले म्हणजे शुद्ध शाबूत आहे. नीट जागेच होत नसेल तर गाडी काढा, पुढच्या गजराची वाट नको.

लगेच पोटभर जेवू घालू नका. घोट घोट पाणी द्या, टिकले तर तासाभराने भाताची पेज, वरण-भात. येळवशीचे तेलकट भज्जी-उंडे त्या दिवशी नकोत. आंबीलसुद्धा सकाळी चालेल, पळून जात नाही.

दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल, तेही वजनावर. दर किलोला दहा ते पंधरा मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या लेकराला एका वेळी २०० ते ३००, आणि परत द्यायचे तर मध्ये निदान सहा तास. औषध घेताना बाटली वाचा. पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असलेली बाटली मिळते आणि २५० ची पण मिळते. चमचा तोच, औषध दुप्पट. ॲस्पिरिन लेकरांना देऊच नये, त्याने रक्तस्राव वाढतो. किराणा दुकानातल्या डोकेदुखीच्या पुड्या-गोळ्यांत बऱ्याचदा तेच असते. शांत झोप लागावी म्हणून गुंगीचे औषध कोणी देऊ केले तर घेऊ नका. मग गुंगी औषधाची की माराची हे ब्रह्मदेवाला कळणार नाही. औषध देऊनही डोकेदुखी वाढतच असेल तर दुसरा डोस न देता दवाखाना.

एक्स-रे, सीटी आणि शाळा

"एक्स-रे काढला, काही नाही निघाले" असे सांगून लोक निश्चिंत होतात. एक्स-रे मध्ये हाड दिसते, मेंदू दिसत नाही. हाड शाबूत असून आत रक्त साठू शकते. ते दिसते सीटी स्कॅनमध्ये. पण म्हणून प्रत्येक टेंगळाला सीटी मागू नये. त्यात किरणांचा मारा एक्स-रेपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि लहान वयात तो विनाकारण घेऊ नये. डॉक्टरांनी "चार-सहा तास इथेच बसवून बघू" म्हटले तर ते टाळतात असे नाही, ते योग्य तेच करत असतात. पदरचे पैसे देऊन फोटो काढल्याशिवाय इलाज झाला असे आपल्याला वाटत नाही, हा आपला दोष.

मेंदूला हादरा बसला असेल तर पुढे काही दिवस लेकरू थोडे बदललेले वाटेल. डोके दुखते, चक्कर येते, उजेड-आवाज सहन होत नाही, धडा ध्यानात राहत नाही, उगीच चिडते. बहुतेक लेकरे दोन ते चार आठवड्यांत पूर्ववत होतात. पहिले एक-दोन दिवस घरी आराम. अंधाऱ्या खोलीत कोंडायची गरज नाही, अंगणात बसू द्या, पण मोबाईल आणि टीव्ही कमी. मग हळूहळू शाळा, जमल्यास आधी अर्धा दिवस. झाडावर चढणे, सायकल, कबड्डी, खो-खो हे सगळी लक्षणे जाईपर्यंत बंद, आणि खेळ सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. पहिला हादरा जिरला नाही तोवर दुसरा बसला तर तो फार वाईट. गुरुजींना चिठ्ठी द्या, म्हणजे कवायतीत पळवणार नाहीत. महिन्याभरानेही अभ्यास मागे पडत असेल तर "आळशी झालंय" म्हणू नका, परत दाखवा.

सरपंच, ग्रामसेवक, गुरुजींसाठी

गुरुजी, शाळेत लेकरू पडले तर त्याच दिवशी घरी कळवा. आईबाप भांडतील म्हणून लपवू नका. रात्री राखण करायची की नाही हे आईला तुमच्या निरोपावरूनच कळणार आहे. किती वाजता, कशावरून पडले, रडले की गप्प होते, एवढे कागदावर लिहून दिले तर उत्तमच.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे आणि ती फुकट आहे. फोन करताना शिवाराचे नाव पुरत नाही. कोणता रस्ता, कोणत्या फाट्यावर माणूस उभा राहील ते सांगावे लागते. गाडीला वेळ लागणार असेल तर गावातल्या कोणत्या जीपवाल्याला रात्री उठवायचे, ही नावे आणि नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर असावीत. बेशुद्ध लेकराला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये दाबून नेणे हा शेवटचा उपाय; मान लटकते आणि उलटी झाली तर श्वास कोंडतो. जीपमध्ये आडवे घ्या, उलटी आली तर डोके-मान-अंग एकदम एका कुशीवर वळवा.

कोणत्या दवाखान्यात सीटी आहे आणि मेंदूची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आहे, हे आधीच माहीत करून ठेवा. देवणीहून जवळ उदगीर, पुढे लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. सीमेलगतच्या गावांना बीदरही जवळ पडते. निघताना फोन करून विचारले तर दोन दवाखान्यांच्या फेऱ्या वाचतात. "पोलीस केस होईल, आधी कागद आणा" या भीतीने कोणी थांबू नये. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगून ठेवले आहे की सरकारी असो की खासगी, डॉक्टरने जखमीवर आधी उपचार करायचे, कागद नंतर. पोलीस पाटलांनी हे गावात सांगावे.

आणि कठडे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने आपल्या जिल्ह्याला दगड-मातीच्या भिंतींचा आणि माळवदाच्या ओझ्याचा धसका दिला. नंतर स्लॅबची घरे वाढली. पण स्लॅब पडतो, जिना चढतो, आणि कठडा "पुढच्या सुगीला" म्हणून राहतो. त्याच स्लॅबवर उन्हाळ्यात लेकरे झोपतात, संक्रांतीला पतंग उडवतात. घरकुलाची पाहणी करायला जाल तेव्हा सिमेंटचा दर्जा बघता तसे वर जाऊन कठडाही बघा. पैसे नसतील तर निदान चारी बाजूंनी बांबूच्या आडव्या काठ्या बांधून घ्यायला सांगा. मोटारसायकलवर टाकीपुढे लेकरू बसवून नेणारे बाप आपण रोज बघतो. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे, आणि त्याहून लहान लेकराला २०२३ पासून हेल्मेट आणि अंगाला बांधायचा पट्टा लागतो, गाडीचा वेग चाळीसच्या वर न्यायचा नाही. उदगीरच्या बाजारात लहान मापाचे हेल्मेट मागा. चार जणांनी मागितले की दुकानदार ठेवील.

पुढच्या येळवशीला झोका बांधाल तेव्हा फांदी वाळकी नाही ना ते बघा, कासरा नवा घ्या, आणि बसायची फळी जमिनीपासून गुडघाभरच ठेवा. खाली खडक किंवा धुऱ्याचे दगड असतील तर जागा बदला. नांगरट झालेल्या मोकळ्या मातीत, नाहीतर खाली हातभर जाडीचा भुसा पसरून बांधा. कोपीत आडवे व्हायच्या आधी झोक्याजवळ कोण बसणार ते ठरवा, आणि खिशातल्या फोनमध्ये जीपवाल्याचा नंबर आहे ना ते एकदा बघून घ्या.